डोलकाठीवरचा माणूस

पान १५
मी समुद्रावरच्या एका कादंबरीची जुनी प्रत आहे. मित्रांनो, माझी पहिली चौदा पाने गळाली आहेत, म्हणून इथूनच सुरुवात करते.

एका छापखान्यात एका तरुण जुळाऱ्याने माझे अक्षर न् अक्षर शिशाच्या गार खिळ्यांतून वेचून जुळवले. एक माणूस त्याने फार जपून जुळवला. तो म्हणजे डोलकाठीवर बसलेला टेहळ्या. दाट धुक्यात खालचे सगळे घाबरून वर बघतात, तो ओरडतो, "डावीकडे खडक!" आणि जहाज वाचते.

पान ८७
वाचनालयात माझे दिवस चांगले गेले. माझ्यासाठी लोक नंबर लावत. मग माझ्यावर सिनेमा निघाला. त्यात वादळ माझ्यातल्यापेक्षा मोठे होते, कप्तान देखणा होता. टेहळ्या मात्र कापला होता. तरीही धुक्यात सगळे खलाशी वर बघत. रिकाम्या काठीकडे. वरून काहीच आवाज येत नसे. जहाज खडकावर फुटे आणि प्रेक्षक रडत.

पुढे माझी नवी आवृत्ती सिनेमाबरहुकूम निघाली. तिच्यातही टेहळ्या नव्हता. मी मागच्या फळीवर गेले. धूळ. कसर.

पान १३२
जुळारी म्हातारा झाला. चष्मा विसरू लागला, मग दिवस, मग बायको वारल्याचे. एकदा घरी टीव्हीवर तोच सिनेमा लागला आणि जहाज फुटताच तो ताडकन उठला.

"वरचा माणूस कुठाय?"

"कुठला वरचा, बाबा?" मुलगा म्हणाला. "असा कुणी नाहीच. मी पुस्तकपण वाचलंय."

"अरे, मी जुळवलाय त्याला! या बोटांनी!"

"झालं! आता सिनेमातली माणसंपण हरवायला लागली यांची." मुलगा थोरल्या बहिणीकडे वळला. "ताई, रविवारी पोचवू या त्यांना वृद्धाश्रमात. उगाच ताणू नकोस."

"जुनं पुस्तक शोधते. त्यात तो माणूस निघाला, तर बाबा इथेच राहतील. कबूल?"

"कबूल. निघतोय कशाला!"

पान १३३ ते १४०
(कसरीने खाल्ली.)

पान १४१
मुलीने मला गाठले तेव्हा मी रद्दीच्या गठ्ठ्यात होते.

"आता सुतळी बांधून झाली हो," ग्रंथपालबाई कुरकुरल्या.

"सोडा ना, बाई. माझे वडील आहेत त्यात."

रविवारी दुपारी तिने पडदे ओढले आणि सिनेमा पुन्हा लावला. मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊनच बसला होता. म्हाताऱ्याच्या मांडीवर मी उघडी. धुके आले. खलाशांनी वर पाहिले. म्हाताऱ्याने ओळीवर बोट ठेवले आणि न अडखळता मोठ्याने वाचले, "डावीकडे खडक!"

टीव्हीच्या पडद्यावर सुकाणूवाल्याने चाक फिरवले.

जहाज खडकाला घासून पुढे गेले.

डोलकाठीवर कुणीतरी पाय खाली सोडून बसले होते. निथळत.

"ताई," मुलगा टीव्हीजवळ सरकला, "त्या दिवशी हे... बुडालं होतं ना गं?"

"बाबा घरीच राहतायत," ती म्हणाली. "किल्ली ठेव ती."

पान १४२
(इथे टेहळ्याची ती ओळ होती. आता कागद कोरा आहे. बोट लावलेत तर ओले लागेल.)

मित्रांनो, पुस्तकात काही लिहू नये असे तुम्हाला शिकवले असेल. ते बरोबरच आहे. पण या कोऱ्या जागेत म्हातारा रोज पेन्सिलीने ती ओळ लिहितो. त्याला वार आठवत नाही, ओळ आठवते. सकाळपर्यंत ती पुन्हा निघून गेलेली असते. तो हसतो आणि पेन्सिलीला टोक काढतो.

तेव्हा एवढेच सांगते. घरातले जुने पुस्तक रद्दीत घालण्याआधी, मधले कुठलेही पान उघडून एकदा मोठ्याने वाचा. कुठल्यातरी धुक्यात माणसे वर बघत उभी असतील.