न विचारता सांगितलेलं

चर्चमध्ये पाळक असलेल्या नवऱ्याबरोबर ती सात दिवसांच्या उपदेशक परिषदेला आली होती. ती इस्पितळात नर्स. एवढी सुट्टी मिळवताना नाकी नऊ आले होते. पण पहिले तीन दिवस मजेत गेले. थोडक्यात कसं बोलावं, यावर एका वक्त्यानं पावणेदोन तास घेतले, तेव्हा दोघं तोंडावर हात धरून खुदखुदली.

चौथ्या दिवशी सरावाची प्रवचनं होती. वर्गात वीस-बावीस पाळक आणि वेळ संपली की घंटी वाजवणारे म्हातारे शिक्षक. नवऱ्याची पाळी आली. ती मागच्या बाकावर कौतुकानं सरसावून बसली.

"एका आईची मुलगी दोनच दिवस जगली," नवरा सांगू लागला. "पुढं वर्षभर ती आई चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायची, गाण्याला नुसते ओठ हलवायची. देवाशी तिनं बोलणंच टाकलं होतं. ती आई म्हणजे माझी बायको."

देवाशी बोलणं टाकल्याचं अकरा वर्षं तिनं सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात भांडी पुसता पुसता नवऱ्याला सांगितलं, तेही त्याच्याकडे पाठ करून. आणि आता अनोळखी माणसं माना वळवून तिच्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. उठून जावं म्हटलं, तर दार पुढं, त्या सगळ्यांच्या समोर होतं. वेळ संपून गेली तरी शिक्षकांनी घंटी वाजवली नाही.

"शनिवारी समारोपाला हेच प्रवचन करा," ते डोळे पुसत म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात नवऱ्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. "कसं झालं गं?"

याला खरंच काही कळलं नव्हतं!

"कुणाला विचारून सांगितलंत?"

"अगं, पण मी नाव कुठं घेतलं?"

"बायको म्हणालात. किती बायका आहेत तुम्हाला?"

"लोकांना त्यातून धीर मिळतो..."

"ते मी तुमच्याजवळ ठेवायला दिलं होतं. वाटायला नाही."

त्यानं हातातले प्रवचनाचे कागद उगाच सारखे केले.

पुढचे दोन दिवस टॉवेल, किल्ली, जेवणाची वेळ, एवढंच काय ते बोलणं झालं. शनिवारी ती दाराजवळ बसली, बॅग बाजूच्या खुर्चीवर. त्यानं ती गोष्ट काढली की तडक स्टँडवर जायचं, असं ठरवून.

नवरा उभा राहिला. समोर सहाशे माणसं होती. त्यानं कागदांची घडी घातली.

"हे प्रवचन ज्या गोष्टीवर उभं आहे, ती माझी नाही. मी ती न विचारता घेतली. आज माझ्याकडं दुसरं काही तयार नाही. मला माफ करा."

आणि तो खाली उतरला. सूत्रसंचालक गायकांना खुणा करत सुटला, गायकांना पान सापडेना. ती थक्क झाली होती. मिळालेला माईक या माणसानं जन्मात कधी लवकर सोडला नव्हता.

तो तिच्या रांगेपाशी येऊन घुटमळला. तिनं बॅग उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये त्यानं हळूच विचारलं, "पुन्हा कधी मला काही सांगशील?"

"आत्ताच नाही सांगता येणार," ती म्हणाली. ते तिला खरोखरच माहीत नव्हतं.