ओट्याखालच्या तारखा

काळा, रबरी, मधोमध भोक पडलेला वॉशर पर्सच्या तळाशी बोटांना लागला, आणि बसच्या खिडकीशी बसलेल्या तिच्या जिवात जीव आला. पाना होता, जुनं फडकं होतं, पेन्सिलीचा तुकडा होता. लेक सकाळी म्हणालीच होती, “आई, प्लंबर नावाचा प्राणी अजून नामशेष झालेला नाही. सत्तरीच्या बाईनं दोन बस बदलून नळ दुरुस्त करायला जायचं म्हणजे कमाल आहे!” जावई पेपराआड हसला होता. हसू दे. करारात लिहिलंय ना – सगळी दुरुस्ती घरमालकाकडे. दलाल तेव्हा डोळे विस्फारून बघत राहिला होता. “काकू, मालक लोक हे कलम उलटं घालून घेतात हो.” असतील घेत. मला सरळच हवं होतं.

आणि त्याच करारात दुसरंही एक कलम होतं – भाडेकरू राहत असताना मालकानं कारणाशिवाय घरात यायचं नाही. वाचताना ते तिला साधं वाटलं होतं, सही करतानाही. अर्थ कळला तो लेकीकडे राहायला गेल्यावर, पहिल्याच आठवड्यात... एकोणतीस वर्षं ज्या घरात डोळे मिटूनही वावरता यायचं, त्या घरात जायला आता कारण लागणार होतं. गुडघ्यांनी जिने नको म्हटलं, बंद घर खराब होतं असं सगळ्यांनी सांगितलं, आणि तिनं घर भाड्यानं दिलं. घर खराब झालं नाही. तेवढं खरं.

मग पहिल्यांदा नळ गळला. तो आपोआप गळला होता – हे तिला स्वतःशी पुन्हा पुन्हा सांगावं लागतं – पहिल्यांदा अगदी आपोआप. ती गेली, नवरा करायचा तशी ओट्याखाली आडवी झाली, खालची चावी बंद केली आणि वर पाहिलं. ओट्याच्या दगडाच्या पोटावर पेन्सिलीनं लिहिलेल्या त्याच्या तारखा. नळ खोलून वॉशर बदलला की त्या दिवसाची तारीख तिथं टाकायची ही त्याची शिस्त. ती चेष्टा करायची, “तिथं कोण वाचणार आहे?” तो खालूनच म्हणायचा, “जो आडवा होईल तो.” पाय तेवढे बाहेर दिसायचे, एका मोज्याला भोक... ती तिथं दहा मिनिटं पडून राहिली. फरशी गार होती. आपल्याच घराच्या फरशीचा गारवा अंगाला ओळखू येतो. त्या दहा मिनिटांत तिला जितकं घरी असल्यासारखं वाटलं तितकं लेकीच्या सजवलेल्या खोलीत वर्षभरात वाटलं नव्हतं. तिनं त्याच्या शेवटच्या तारखेखाली आपली तारीख लिहिली आणि निघाली. आणि पुढच्या वेळी दुकानात वॉशर घेताना एक माप लहान मागितला. दुकानदार म्हणाला, “हा टिकायचा नाही.” ती म्हणाली, “चालेल.” आताशा ती भाडेकरूच्या फोनची वाटही बघत नसे; वॉशर किती दिवस टिकतो ते तिला पाठ झालं होतं.

दार शिक्षिकेनं उघडलं. ही भाडेकरू शाळेत गणित शिकवते, आईबरोबर राहते, बोलते मोजकं आणि चपला एका रेषेत ठेवते. आत खुर्चीवर तिची आई बसली होती आणि तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती.

“अहो, काय झालं?”

“काही नाही हो, घसरले जराशी,” आई म्हणाली. “ओट्यावरून पाणी खाली आलं होतं, माझंच लक्ष नव्हतं.”

“म्हणून परवा प्लंबर बोलावला मी,” शिक्षिका म्हणाली. “तुम्हाला फोन केला होता, लागला नाही. आता अगदी थेंबही पडत नाही, बघा.”

ती बघत राहिली. नळ बंद होता. पर्स खांद्याला एकदम जड लागली.

“प्लंबर म्हणाला, वॉशर लहान मापाचा होता. दुकानदार फसवतोय तुम्हाला, काकू.” शिक्षिकेनं टेबलावरचा कागद पुढे केला. “आणि नवीन करारात एक बदल केलाय. लहानसहान दुरुस्ती आम्हीच करून घेऊ. तुम्हाला हेलपाटे नकोत.”

किती सोपं होतं. दुकानदाराच्या माथी मारायचं, दोन शिव्या घालायच्या, सही करायची, चहा घ्यायचा. तोंडाशी आलंही होतं. पण ती पांढरी पट्टी... शिक्षिकेच्या आईनं त्याच हातानं पदर सावरायला घेतला आणि मधेच थांबली, दुखलं असणार.

“दुकानदारानं नाही फसवलं,” ती म्हणाली. “मीच लहान मागून घेते.”

शिक्षिकेनं चष्मा काढून पुसला.

“वरच्या तारखांमध्ये दोन-दोन वर्षांचं अंतर आहे,” ती सावकाश म्हणाली. “खालच्यांमध्ये दोन-दोन महिन्यांचं. प्लंबरनं दाखवल्या. मला वाटलं, पाणीच खराब असेल... काकू, नुसतं सांगितलं असतंत, तर...”

काय सांगायचं असतं? की मला माझ्या स्वयंपाकघरात दहा मिनिटं जमिनीवर पडायचंय? की तिथं माझा माणूस आहे, पेन्सिलीत लिहिलेला?

“अगं, आधी बसू दे त्यांना,” आई म्हणाली. “उभ्यानं काय उलटतपासणी.”

पण ती बसली नाही. “एकदा बघू का?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ओट्याशी गुडघे टेकले, एक, मग दुसरा, आणि आडवी झाली. फरशी कोरडी होती. वर त्याच्या तारखा, ऐसपैस, घाई नसलेल्या. त्यांच्याखाली तिच्या, एकमेकींना खेटून, रांगेत घुसल्यासारख्या. परवाची तारीख कुणीच लिहिली नव्हती.

ओट्यापलीकडे शिक्षिकेची पावलं आली, थांबली. “परवाची लिहायची राहिलीय,” आवाज आला. “तुम्ही लिहिता, की मी लिहू?”

पेन्सिल हातात आली होती, पर्समधून केव्हा काढली कळलंच नाही. वॉशर मी बसवलेला नाही. मग तारीख माझी कशी? आणि हिनं लिहिली तर... हिचं अक्षर कसं असेल? सुबक असणार, फळ्यावरचं. ते त्याच्या अक्षराखाली, माझ्याही खाली, आणि मग पुढची दोन वर्षं तिथं कुणीच आडवं होणार नाही.

इतक्या वर्षांत हे घर इतकं गप्प असलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. घराला काही दुखत नव्हतं. घराला मी नको होते. रडू येईल म्हणून ती थांबून राहिली, पण ते आलं नाही. उलट वाटलं, तो इथं असता तर आधी त्या बाईचं मनगट बघितलं असतं त्यानं, मग नळ, आणि माझ्याकडे बघितलंच नसतं दिवसभर.

“काकू, दिसतंय ना नीट?”

दिसत होतं. सगळं दिसत होतं. तिनं पेन्सिल ओट्याबाहेर, त्या पावलांच्या दिशेनं धरली, आणि कुणी ती घेईपर्यंत हात तसाच राहू दिला – फक्त मला इथून इतक्यात उठायचं नव्हतं.