दोन टोप्यांचा विजेता

"डोकं खाली घे रे, ताडमाड वाढलायस नुसता," मी म्हटलं. क्लेटन प्रुइट माझ्यासमोर वाकला. घामानं निथळत होता. मोटारींच्या दोनशे सतरा शर्यतींनंतर आज पहिल्यांदा जिंकला होता. त्याच्या डोक्यावर मी पशुखाद्यवाल्याची टोपी चढवली. फोटो. मग टायरच्या दुकानाची. फोटो.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. तुझ्या गाडीवर दोनच नावं आहेत."

"बरंय, लवकर उरकलं," तो हसून म्हणाला, पण चेहरा उतरलाच.

सव्वीस वर्षं मी हेच करतेय. जिंकलेल्या गाडीला ज्यांनी ज्यांनी पैसा पुरवला, त्या प्रत्येकाची टोपी विजेत्याच्या डोक्यावर घालायची, फोटो काढू द्यायचा, उतरवायची, पुढची घालायची. एके काळी चाळीस-चाळीस टोप्या असत. साबणाची, बिअरची, तंबाखूची, कुत्र्यांच्या खाण्याचीसुद्धा. प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये मुंगी शिरायला जागा नसायची. मग तिकिटं महागली, मोठ्या शर्यती मोठ्या शहरांत गेल्या, कंपन्यांनी एकेक करून काढता पाय घेतला. आमच्या मागच्या स्टँडच्या तर खुर्च्याच उचकटून नेल्या.

आणि आज सकाळी ट्रेव्हरनं, जाहिरातींचं बघणाऱ्या त्या चकचकीत बुटांच्या साहेबानं, मला बाजूला घेतलं. "अर्लीनबाई, पुढच्या वर्षीपासून एकच फोटो काढू. टोप्या कॉम्प्युटरवर चढवता येतात."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही आरामात शर्यत बघा ना."

आराम म्हणे. नवरा गेल्यावर ह्या रविवारांनीच मला उभं ठेवलं, हे त्या मेल्याला काय ठाऊक. हंगामाचा आणि माझा हा शेवटचा दिवस निदान थाटात जाऊ दे, एवढंच मी देवाकडे मागितलं होतं. एका बड्या गाडीच्या एकोणतीस टोप्या खोक्यात तयार होत्या. शेवटच्या फेरीत ती गाडी दुसरीला धडकली आणि मागून क्लेटन निघून गेला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागच आला होता.

खोकं बंद करायला मी वाकले, तेवढ्यात कुंपणापलीकडून मार्गी ओरडली. ही फाटकाबाहेर नाश्त्याची गाडी लावते. "अगं अर्लीन, ह्याला सहा वर्षं फुकट खायला घालतेय मी. माझी टोपी का नाही चालत?"

"तुझं नाव गाडीवर कुठंय?"

"त्याच्या पोटावर आहे, बघ की."

लोक खदाखदा हसले. मी हात लांब करून तिची टोपी घेतली. क्लेटन आपणहून वाकला. फोटो.

झालं, कुंपणाशी झुंबड उडाली. अग्निशामक दलाची टोपी आली, चर्चची आली, न्हाव्याची आली, मधाच्या पेट्या ठेवणाऱ्याची आली. घालायची, फोटो, ज्याची त्याला परत. क्लेटन हसताहसता रडायला लागला आणि मला म्हणाला, "मला वाटलं होतं, मी एकटाच पळतोय."

"वाक गप," मी म्हटलं आणि पुढची टोपी चढवली.

ट्रेव्हर धावत आला. "अहो, हे करारात नाही."

"मग थांबवा तुम्ही," मी म्हटलं. त्यानं कुंपणाकडे पाहिलं. माणसं टोप्या उंच धरून रांगेत उभी होती. मग तो हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षीचं मी वर बोलून बघतो. रविवार मोकळे ठेवाल?"

"आधी हे तर उरकू द्या," मी म्हटलं, पण मनातून जीव भांड्यात पडला.

रांगेच्या शेवटी हॉयट होता, कापडगिरणीत बत्तीस वर्षं राबलेला. गिरणी बंद पडून एकोणीस वर्षं झालीत. टोपीवरचं गिरणीचं नाव जेमतेम वाचता येत होतं, आणि तो ती हातातून सोडेना. "गिरणीच नाही राहिली. जाहिरात करून काय उपयोग?"

मी हात पुढे करायच्या आत ट्रेव्हरनं केला. "द्या काका." त्यानं टोपी दोन्ही हातांनी घेतली आणि माझ्याकडे वळला. "अर्लीनबाई, नाव नीट दिसायला किती मागे घ्यायची?"

"कपाळ दोन बोटं मोकळं ठेवा."

त्यानं बोटं लावून बघितली आणि टोपी क्लेटनच्या डोक्यावर बसवली. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला. कुंपणापलीकडे हॉयट ताठ उभा राहिला आणि त्यानं हातानं आपले पांढरे केस नीट केले.