मालनच्या आवडीचं

"सगळ्यात जास्त काय आवडतं तुमाला खायला?" आण्णांनी विचारलं.

समोर बसलेला कबनूरचा यंत्रमागवाला पहिल्यांदाच जरा खुलला. गुडघे, गॅस, न लागणारी झोप हे सगळं त्याने रडत-कढत सांगितलं होतं. या प्रश्नावर मात्र तो खुर्चीत सरळ झाला. पांढरा रस्सा, म्हणाला, आणि तोही मेहुणीच्या हातचा. मग त्यात खसखस किती, ओलं खोबरं किती, हे तो हात हलवून सांगत राहिला. आण्णांनी त्याला मध्येच तोडलं नाही. आवडीचं सांगून माणूस पुरता रिकामा झाला की मगच बोलायचं, अशी त्यांची रीत होती.

"झालं सांगून?" ते शांतपणे म्हणाले. "आता तेवढं बंद."

आण्णा म्हणजे आकाराम चौगले. मंगळवार पेठेत ज्ञानू मिसळवाल्याच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचं निसर्गोपचार केंद्र होतं, आणि त्याला लागूनच घर. तरुणपणी दमा हटत नव्हता म्हणून पुण्याकडच्या एका आश्रमात जाऊन राहिले, बरे झाले आणि तीच विद्या शिकून परत आले. माती, पाणी, ऊन आणि उपास, एवढीच त्यांची औषधं. पोटावर काळ्या मातीची पट्टी, कमरेपर्यंत पाण्यात बसवायचा टब, एनिमाचं भांडं, वाफ घ्यायची लाकडी पेटी. शरीर आपलं आपण बरं होतं, आपण फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हे ते आल्या-गेल्याला सांगत. हसण्यासारखं त्यात काही नाही. कितीतरी माणसं त्यांच्याकडून खरंच बरी होऊन गेली होती. पेठेत मात्र त्यांचं नाव पडलं होतं अळणी आण्णा, कारण त्यांच्या घरात मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच.

ज्ञानूशी त्यांचं जन्माचं वाकडं. कटाची फोडणी पडली की वास जिन्यावरून वर यायचा आणि उपासाला बसलेले रोगी चुळबुळ करायला लागायचे. आण्णा वरून ओरडायचे, ज्ञानू खालून. गिऱ्हाईकांना तो सांगायचा, मी खाली आजारी पाडतो, आण्णा वर बरं करतोय, दोघांचं बी बरं चाललंय.

आवडीचा तो प्रश्न आण्णांना आश्रमातल्या गुरुजींनी दिला होता. जीव जिथे गुंतलाय तिथेच रोग लपलाय, आधी ती जागा शोध, असं गुरुजी म्हणत. आण्णांनी ते इतकं अंगी बाणवलं, की रोग्याने खोटं सांगितलं तरी ते तोंडाकडे बघून ओळखत. नाव घेताना कुणाचा ओठ कसा हलतो, कुणाचा डोळा कुठे जातो, हे त्यांना कळायचं. माणसाची लबाडी जिभेला जमते, चेहऱ्याला जमत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

यंत्रमागवाला गेल्यावर आण्णा हात धुऊन आतल्या खोलीत गेले. मालन, त्यांची बायको, खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती. डोळे पिवळे, हातांच्या काड्या झालेल्या.

इथे आण्णांना कुणी नावं ठेवू नयेत. तिच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला त्याच दिवशी त्यांनी तिला दवाखान्यात नेलं होतं. मातीची पट्टी लावून बघू, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं, की पोटातली गाठ फार आत आहे, आता कुणाच्याच हातात काही उरलेलं नाही. घरी न्या आणि त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या.

हे शेवटचं वाक्य मुलीने धरून ठेवलं. क्रांती वारणानगरला शाळेत शिकवायची, रजा काढून आली होती. पदर खोचून ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "आण्णा, आईला काय आवडतंय ते सांगा. मी करतो."

"तिला..." आण्णा म्हणाले, आणि थांबले.

त्यांना आठवेना. आठवेना असं तरी कसं म्हणावं, त्यांना ते माहीतच नव्हतं. जुन्या एका नगरसेवकाचा जीव खव्याच्या पोळीत होता, हे त्यांना अजून आठवत होतं. एका मास्तरांचा कांदाभज्यात, वकिलीणबाईंचा साखर घातलेल्या सायीत. वर्षानुवर्षांच्या रोग्यांच्या जिभा त्यांना तोंडपाठ होत्या आणि मालनचं काहीच नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

क्रांतीने मग अंदाजाने सुरुवात केली. खाऊगल्लीतून लोणी डोसा आणला, शिरा केला, अळूची वडी केली, पुरणाची चमचाभर पोळी दुधात कुस्करून दिली. मालन प्रत्येक गोष्टीचा एक घास घ्यायची, "चांगलं हाय," म्हणायची आणि वाटी बाजूला सारायची. क्रांती मोरीत जाऊन डोळे पुसून यायची. बापाला एकदा म्हणालीसुद्धा, की आईनं कधी काय मागितलंच नाही, आणि तुम्ही पण कधी विचारलं नाही.

त्या दुपारी क्रांती औषधं आणायला गेली होती. आण्णांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. कसं विचारावं याची त्यांनी मनात बरीच जुळवाजुळव केली, पण तोंडाला इतक्या वर्षांची सवय. बाहेर पडलं तेच वाक्य.

"सगळ्यात जास्त काय आवडतं तुला खायला?"

मालनने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"आता काय बंद करायचं ऱ्हायलंय माझं?"

बाहेरच्या खोलीतून हा प्रश्न रोज तिच्या कानावर पडत आला होता आणि त्याच्या मागोमाग काय येतं हेही. तिला दुसरं काय वाटणार?

"तसं न्हवं गं," ते म्हणाले. "करून घालायला इचारतोय."

"लगीन झाल्यावर पयल्याच आठवड्यात इचारलासा की तुम्ही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं ती सांगत होती. "मला वाटलं, नवरा लई चांगला मिळालाय. बायकोला आवडनिवड इचारतोय. मी म्हटलं, खर्डा. तुम्ही म्हटलासा, आजपासनं तेवढा बंद. क्रांतीच्या येळंला परत इचारलासा. तवा म्हटलं, डिंकाचा लाडू. त्यो बी गेला. मग मी बी शिकलो की. मला कायच आवडत न्हाय म्हणून सांगायला लागलो."

आण्णांना यातलं काही आठवत नव्हतं. नवी नवरी, नवीन शिकून आलेली विद्या, काय काय बोलून गेलो असेन, असं वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला मी रोगी करून टाकली, घरात पाऊल ठेवल्याबरोबर.

"एक ठेवलंय मी," मालन थोड्या वेळाने म्हणाली. "कधी सांगितलं न्हाय."

"काय?"

"सांगू? बंद करनार न्हाईसा?"

त्यांनी नुसती मान हलवली.

"आंबील."

जोंधळ्याची आंबील केंद्रातल्या रोग्यांना रोज सकाळी दिली जायची. ती मालन करायची. आदल्या दिवशी पीठ ताकात भिजवायचं, पहाटे उठून शिजवायचं, सगळ्यांना पेले भरून द्यायचे आणि शेवटी पातेल्यात राहील ती ओट्याशी उभ्या उभ्या आपण प्यायची. ती पडल्यापासून ते बंद होतं आणि रोग्यांना दुधीचा रस चालू होता. आण्णांनी तिला आंबील पिताना किती वेळा पाहिलं असेल, त्याला गणती नाही. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून संपवते, एवढंच त्यांना वाटत आलं. उलट रोग्यांना ते तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, हिच्याकडं बगा, जीभ मारलीया हिनं. आणि ती तोंड कोरं ठेवून भांडी विसळायची.

"माझी आई करायची, जवळजवळ तशीच व्हायची," मालन म्हणाली. "लई बरं वाटायचं पिताना. पन तोंडावर दिसू द्यायचो न्हाय मी. तुम्हास्नी तोंड बगून कळतंय न्हवं सगळ्यांचं."

सगळ्यांचं कळतं. आण्णा उठून मोरीपाशी गेले आणि नळ सोडून नुसते उभे राहिले. एवढ्या साध्या गोष्टीतलं तिचं सुख, तेही तिला चोरून घ्यावं लागलं, आणि लपवायचं कुणापासून, तर आपल्यापासून. तिला एकदा तरी वाटलं असेल का, की यांना सांगावं? ते विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

संध्याकाळी त्यांनी स्वतः पीठ भिजवलं. क्रांती मदतीला आली, तिला त्यांनी हात लावू दिला नाही. सकाळी पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या, ती टाकून दिली. दुसऱ्या खेपेला मालनने खाटेवरून सांगितलं, आधी पाण्याला चांगली उकळी येऊ द्या, मग बारीक धार सोडा, आणि हात थांबवू नका. तिचा आवाज क्षीण होता, पण हुकूम पक्का होता. आण्णा घामाघूम होऊन ढवळत राहिले. उभ्या जन्मात त्यांनी रोग्यांना जे औषध म्हणून पाजलं, ते करायला इतकं राबावं लागतं, हे त्यांना आज कळत होतं.

निवल्यावर वाटीत घालून त्यांनी तिला उशांना टेकवून बसवलं. मालनने एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"चांगली हाय," ती म्हणाली.

डोशाला आणि शिऱ्यालाही ती असंच म्हणाली होती. आण्णांनी ओळखलं.

"काय कमी हाय त्यात? खरं सांग."

ती चादरीची कड बोटांनी सरळ करत राहिली.

"आईच्या आंबिलीत मीठ असायचं," ती म्हणाली.

क्रांती चप्पल घालायला निघाली, कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा आणते म्हणाली. आण्णांनी तिला थांबवलं आणि स्वतः दुसरी रिकामी वाटी घेऊन जिना उतरले.

ज्ञानूच्या दुकानात सकाळची गर्दी होती. आण्णा दारात दिसले तसं बोलणं हळूहळू थांबलं. बसलेल्यांपैकी निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी मिसळ बंद केलेली होती. एकाने ताट ओढून पाठ फिरवली. ज्ञानू कटाच्या पातेल्यामागून बघत होता. आज भांडण कशावरून, याचा त्याला अंदाज येत नव्हता.

"ज्ञानू," आण्णा म्हणाले, "चिमूटभर मीठ पायजे."

दुकानात कुणीतरी खुसकन हसलं. ज्ञानूच्याही तोंडावर हसू आलं होतं, अळणी आण्णांना पेठभर ऐकवायला याच्यासारखी संधी परत मिळाली नसती. पण त्याने आण्णांचं तोंड पाहिलं आणि हातातला कट वाढायचा डाव खाली ठेवला.

"वैनींस्नी?"

"व्हय."

ज्ञानूने डबा उघडला, कागदावर मीठ घेतलं, पुडी बांधली आणि आण्णांनी वाटी पुढे केली तरी ती गल्ल्याजवळच्या टेबलावर ठेवली.

"हातात देत न्हाई आण्णा," तो हळू म्हणाला. "मीठ हातोहात दिलं की भांडण होतंय. आपलं हाय तेवढं बास."

आण्णांनी पुडी उचलली. ती वाटीत ठेवून ते जिन्याकडे वळले.

वर येऊन त्यांनी पुडी सोडली. किती घालायचं ते त्यांना कळत नव्हतं. स्वतःच्या जिभेला विचारावं, तर तिला मिठाची ओळखच राहिली नव्हती. चिमटीत चार कण घेऊन त्यांनी आंबिलीच्या वाटीत टाकले. मालन वाटीत डोकावली आणि म्हणाली, "आनि जरा." त्यांनी आणखी घातलं. "आनि," ती म्हणाली. त्यांनी घातलं, ढवळलं, आणि वाटी तिच्या हातात दिली.

मग ते समोर स्टुलावर बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. तिला आवडतंय हे एकदा तरी त्यांना तिच्या तोंडावर दिसायला हवं होतं. मालनने चमचा तोंडात घातला. चेहरा कोरा. दुसरा घेतला. ओठ हलला नाही, डोळा कुठे गेला नाही. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चमचा वाटीतच थांबला.

आण्णा समजले. ते उठले, स्टूल उचलून खिडकीशी नेलं आणि तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसले. खाली ज्ञानूच्या दारात माणसांची ये-जा चालली होती. थोडा वेळ मागे काहीच हालचाल नव्हती. मग चमचा वाटीला लागला. पुन्हा लागला, जरा घाईने. मग मालनने घसा मोकळा केल्यासारखा एक बारीक आवाज केला, असा आवाज तिच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता. वळून बघावं, असं त्यांच्या जिवाला फार झालं. आवडीचं खाताना मालन कशी दिसते, हे त्यांना आता कधीच कळणार नव्हतं. चमचा वाजायचा थांबेपर्यंत ते पाठ करून बसून राहिले.