धुऱ्यावरचा ढीग

दारव्ह्यात माझ्या हातून एकही नवरी सावळी निघाली नाही, असं मी सत्तावीस वर्षं छाती फुगवून सांगत आलो. लग्नाच्या अल्बमात मी रंग उजळतो, गालावरचे डाग पुसतो, मंडपामागचा उकिरडा काढतो आणि तिथे बर्फाचा डोंगर उभा करतो. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. बोरी अरबच्या सदाशिवरावांच्या मुलाचं, गोपालचं लग्न झालं, त्याचा अल्बम मीच केला. तो घ्यायला आल्या तेव्हा त्यांच्या बायकोने, शकुबाईंनी, स्वतःच्याच फोटोवर बोट ठेवून विचारलं होतं, "हे कोन बाई व्हय?" चार वर्षं ही गोष्ट मी माझं कौतुक म्हणून सांगत होतो.

माझं नाव बाबाराव. दुकानाची पाटी मात्र 'उर्वशी फोटो स्टुडिओ', कारण पोरगी झाली त्याच आठवड्यात पाटी रंगवली. ती आता दुकानात हाताशी असते, पण लग्नाची ऑर्डर म्हटली की तोंड वाकडं. तिला माणूस नसलेली जागा हवी. गळ्यात कॅमेरा घालायचा, स्कूटी काढायची आणि बोरीकडची वावरं पाहत हिंडायचं.

"मोकळं वावर कोन भितीवर लावते वं?" मी म्हणायचो. ती नुसती हसायची. माझी बायको सत्यशीला म्हणते की पोरीचा हट्ट बापाचा आहे. हे साफ खोटं आहे.

मे महिन्यात ही बया अकरा दिवस पहाटे उठून सदाशिवरावांच्या वावरात गेली. काय होतं तिथे? वखरून ठेवलेली काळी जमीन, एक पळस, आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या टोकाला दगडांचा ढीग. बाराव्या दिवशी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "फोटो भेटला." मग आठ दिवस घरी लॅपटॉपसमोर बसून होती. मला वाटलं, परीक्षेचा अभ्यास चाललाय.

यवतमाळच्या एका निसर्गमंडळाने आपल्या नव्या सभागृहासाठी जिल्ह्याची दहा छायाचित्रं मागवली होती. निवडलेलं चित्र सहा फुटी छापून, खाली काढणाऱ्याचं नाव घालून, कायमचं भिंतीवर लागणार होतं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नेमका त्याच दिवशी उर्वशीचा यवतमाळला पेपर, आणि घरचं नेट दोन दिवसांपासून बंद. सकाळी निघताना तिने माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला.

"बाबा, दुकानातून एवढं पाठवून द्या. मले थे भिंत पाह्यजेच."

या पोरीने माझ्याकडे लहानपणी बाहुलीसुद्धा मागितली नव्हती. हे मागितलं.

दुपारी मी फाइल उघडली. काळी जमीन, मळकट आकाश, टोकाला ढीग. असलं कोण निवडणार? हात शिवशिवायला लागले. मी जमिनीवर हिरवळ अंथरली, आकाश निळंशार केलं, त्यात पिंजलेल्या कापसासारखे ढग सोडले. ढीग दोन मिनिटांत पुसला आणि तिथे स्वच्छ गवत लावलं. पोरीचं भलं व्हावं, याशिवाय माझ्या मनात काही नव्हतं. साडेतीनला चित्र पाठवलं आणि खुशीत चहा मागवला.

चारच्या सुमारास सदाशिवराव पासपोर्ट फोटो काढायला आले. स्क्रीनवर चित्र तसंच होतं.

"हे कुठचं गाव व्हय, बाबारावभाऊ?"

"तुमचंच वावर. ओळखलं नाही?"

ते पुढे वाकले. "माहं? मे महिन्यात एवढं हिरवं?" मग त्यांचं बोट धुऱ्याच्या टोकाला गेलं. "अन् दगडं कुठं गेले?"

"कचरा दिसून राह्यला होता. काढून टाकला."

सदाशिवराव आवाज चढवणाऱ्यातले नाहीत. ते खुर्चीवर बसले.

"कचरा नोका म्हनू, भाऊ. लग्न होऊन आली तईपासून शकुबाई थे दगडं येचून राह्यली. रोज घरी येतानी पदरात चार दगडं घेते अन् धुऱ्यावर टाकते. गोपाल पोटात होता तईबी. पयले तिथं ज्वारी धड येत नोती. आता कापसाची पऱ्हाटी छातीले लागते. मले कोनी इचारलं का तुमची इस्टेट काय, त मी थो ढीग दाखवतो."

त्या वेळी माझा चेहरा कसा झाला होता, त्याचा कोणी फोटो काढला नाही हे बरं. मी उर्वशीची फाइल उघडली. सदाशिवराव पुन्हा पुढे वाकले. वखराच्या ओळींवरून त्यांचं बोट सरकत पळसापाशी थांबलं.

"इथं बैल बिचकला होता. वखराचं तास वाकडं गेलं," ते म्हणाले. "हे माहं वावर."

मी उर्वशीला फोन लावला. पेपर सुटून ती दारव्ह्याच्या जीपमध्ये बसली होती. जे केलं ते एका दमात सांगून टाकलं.

"बाबा," ती म्हणाली, "थो फोटो मी आठ दिवस एडिट केला हाय."

"कोनता?"

"तुमाले देल्ला थोच."

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. दुसऱ्याने फिरवलेला हात मी दुकानाच्या दारातून ओळखतो, अशी माझी ख्याती. आणि हा फोटो मी कॅमेऱ्यातून निघाला तसाच समजलो होतो. तिने सांगितलं, आकाश जरा दाबलं, मातीचा काळेपणा वर आणला, आणि ढिगावर उजेड थोडा थोडा वाढवत नेला. काढलं काहीच नाही, बाहेरून आणलंही नाही.

"कॅमेरा सगळंच सारखं पाह्यते, बाबा. माही नजर पयले ढिगावर गेलती. पाहणाऱ्याची बी जावी म्हनून केलं."

"हे कुठं शिकली तू?"

"तुमच्याजोळ. लाल लाइटात तुमी कागदावर हाताची सावली धरत होते नं. मी स्टुलावर बसून पाहो."

आमची डार्करूम. आता तिथे फ्लेक्सचे रोल पडलेत. फोटो छापताना चेहरा काळा पडू नये म्हणून मी उजेडाच्या आड हात धरायचो, हळूहळू हलवत राहायचो. पाच वर्षांची पोर तिथे तासन्‌तास बसायची. मला वाटायचं, खेळायला कोणी नाही म्हणून बसते. लाजही वाटत होती, पण पोरीचा अभिमान इतका दाटून आला की लाजेला जागाच उरली नाही.

फॉर्मवर लिहिलं होतं, एका नावावर एकच चित्र. मंडळाला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, पहिलं रद्द करायचं तर कारण लागेल.

"लिहा," मी म्हणालो, "चित्र पोरीचं, पण बापाने त्यात नाक खुपसलं."

"आपण कोण?"

"थोच बाप."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पाचला सहा मिनिटं असताना खरी फाइल गेली.

दीड महिन्याने सभागृह उघडलं. दारातून आत शिरलं की समोर तेच चित्र, सहा फुटी, खाली उर्वशीचं नाव. एक कॅमेरेवाला दुसऱ्याला सांगत होता की बघ, याला एडिटिंगचा हातही लावलेला नाही. मी त्याचा दंड धरला. "लावला हाय, भाऊ. मले बी दिसला नोता. माही पोरगी व्हय थे."

शकुबाई नवं पातळ नेसून आल्या होत्या. चित्रापासून हलायलाच तयार नव्हत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक दगड दाखवत होत्या. "हा मोठा मी एकटीनं नाही आनला. ह्याले दोघं लागलो." तेव्हाच मी त्यांचा फोटो काढला.

दुकानात तो उघडला आणि सवयीने हात रंग उजळायला गेला. उर्वशी मागे उभी होती. मी हात मागे घेतला आणि त्या सभागृहात मी नेमकं काय पाहिलं होतं ते आठवलं. मग बाजूची गर्दी जरा दाबली. उजेड शकुबाईंच्या कपाळावर आणि दगडाकडे गेलेल्या त्या बोटावर घेतला. रंग होता तोच ठेवला, सुरकुत्याही.

बाजाराच्या दिवशी शकुबाई दुकानासमोरून जाताना थांबल्या. काचेत बर्फाच्या डोंगरापुढे उभ्या असलेल्या गोऱ्यापान नवऱ्या, आणि मधोमध तो फोटो. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. मी गल्ल्यावरून उठून उभा राहिलो.

"हे मी व्हय," शकुबाई म्हणाल्या.