गोजरबाईचं तळं

टाचणीचं डोकं गंजलं होतं, तिच्याभोवती कागदावर तपकिरी चट्टा उमटला होता, आणि नववीतल्या तृप्तीनं ती सगळ्या पानांतून इतकी घट्ट खुपसली होती की नखानं काही केल्या निघेना — ओढता ओढता धम्मपाल थांबला, कारण अशीच एक टाचणी अंगठ्याच्या पेरात खुपसून बसलेली आई त्याला दिसली. दारात, उन्हाकडं तोंड करून. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मांसात एक काळानिळा ठिपका होता. दगडाची कपची आत राहिलेली. मधूनच कधीतरी ती ठणकायची आणि मग आई टाचणी दिव्यावर धरून, थुंकी लावून कोरत बसायची. निघत न्हाई, असं स्वतःशीच म्हणायची, आणि मग जवळजवळ समाधानानं, "राहू दे. तळ्याची हाय."

तळ्याची हाय... शिक्षकांच्या खोलीत पंखा घरघरत होता. बाहेर मैदानावर सातवीची पोरं कवायत करत होती. धम्मपालनं टाचणी तशीच राहू दिली आणि पानं वाकवून वाचायला घेतली. नववीचा उपक्रम — 'आपल्या गावचा तलाव'. विषय त्यानंच दिला होता. आता वाटत होतं, दुसरा द्यायला हवा होता. आठवडी बाजार, एसटीचा थांबा, काहीही.

पण त्याला तलावच द्यायचा होता, आणि तो का, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

राजूरच्या बाजाराला जाताना एसटी वळणावर यायची तेव्हा आई मांडीवरची पिशवी सावरून अर्धी उठायची. त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून खिडकीकडं वळवायची. झाडी संपायची आणि एकदम पाणी... उन्हात पांढरंफेक, मधोमध बगळे, पलीकडं दगडांची लांबलचक पाळ. "ते बघ. ते तळं म्या बांधलं." शेजारी बसलेल्या बाया हसायच्या. आई हसायची नाही. बहात्तरच्या दुष्काळातल्या सरकारी कामाची गोष्ट. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, कामावर वाटलेली सुकडी, मुकादमाची शिट्टी, डोक्यावरच्या घमेल्यानं पडलेलं टक्कल — हे सगळं तिनं पुढं सांगितलं, पण थोडं थोडं. आधी फक्त पाणी होतं आणि ते आईनं बांधलेलं होतं. दुसऱ्यांच्या आयांनी भिंती सारवल्या, चुली घातल्या; माझ्या आईनं एवढं थोरलं तळं बांधलं. पहिलीत बाईंनी चित्र काढायला सांगितलं तेव्हा त्यानं पाटीभर निळा खडू फासला होता आणि कोपऱ्यात एक बाई काढली होती, तळ्याहून मोठी.

तर विषय तलाव. पोरांनी पहिल्याच दिवशी घरचे मोबाईल बघून उत्तरं आणली होती. सूरज उभा राहून म्हणाला, "सर, निजामाच्या काळातला हाय. गुगलवर हाय ना."

"गुगलला कुणी सांगितलं?"

वर्ग खदखदला. मग धम्मपालनं फळ्यावर लिहिलं — कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? त्याचं त्यात काय आहे? आणखी कोण सांगतंय? सूरजनं मोबाईलवर दाखवलेली सहा पानं त्यानं मुलांना शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावली. सगळ्यांत आधी अक्षताच्या ध्यानात आलं : सगळीकडं 'तलाव' हा शब्द एकाच ठिकाणी 'तालव' असा चुकलेला. कुणीतरी एकदा लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. "म्हणजे सहा जण सांगत नाहीत," तो म्हणाला, "एकच माणूस सहा तोंडांनी बोलतोय." त्या दिवशी घरी जाताना त्याला हलकं हलकं वाटत होतं. वीस वर्षांपूर्वी नोकरीला लागताना मास्तर होणं म्हणजे असंच काहीतरी असेल असं वाटलं होतं, आणि मग हजेऱ्या, वर पाठवायच्या माहित्या, पोषण आहाराचे तक्ते यांत ते कुठंतरी दबून गेलं होतं.

आणि मनात, अगदी तळाशी, हेही होतंच — पोरं शोधत शोधत शेवटी आईपाशी येतील.

आली. बहुतेकांनी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकातला त्याचाच लेख आधाराला घेतला होता. आई गेली त्या वर्षी लिहिलेला. मुलांनी त्यातली वाक्यंच्या वाक्यं उतरवली होती, 'माझी आई'च्या जागी 'सरांची आई' घालून. वाचताना त्याला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. मग तृप्तीची पानं हातात आली.

तृप्तीनं पाळीच्या खालच्या अंगाला, पाणी सोडायच्या दारापाशी, वेड्या बाभळी बाजूला सारून एक दगड शोधला होता. चुन्याच्या पुटाखाली अक्षरं होती. तिनं त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली होती आणि तो कागदच जोडला होता : काम पूर्ण, सन १९६८. खाली तिचं गोल, सावकाश अक्षर : 'म्हणजे तलाव दुष्काळाच्या आधीचा आहे. आमच्या आजीनेही असेच सांगितले.' आणि शेवटच्या पानावर, आधार कोणते आणि किती भरवशाचे या मथळ्याखाली, त्याच्या लेखासमोर — 'लेखक तेव्हा जन्मलेले नव्हते. आईकडून ऐकून लिहिले आहे. लेखकाचे आईवर प्रेम आहे, म्हणून तपासून घ्यावे.'

धम्मपालनं ते पुन्हा वाचलं. हसू आलं. त्याचं त्यात काय आहे... मीच शिकवलं की.

मधल्या सुट्टीत तृप्ती दाराशी येऊन उभी राहिली. तिला बोलावलं नव्हतं. सरांनी वाचलंय हे तिला कळलं असावं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सर, ते तुमच्या लेखाचं... काढून टाकू का? भोकरदनला प्रदर्शनात लावायचंय ना. लोकं वाचतील."

"चूक आहे का ते?"

"न्हाई वाटत, सर."

"मग?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटंल."

त्याला म्हणायचं होतं — हो, काढ. एवढं एक पान काढ, बाकी सगळं उत्तम आहे, पहिला नंबर तुझा. शब्द जिभेवर आले होते. इतके तयार होते की त्याला स्वतःचीच भीती वाटली. एक पान, कुणाला कळणार होतं? या पोरीनं मात्र ते काढून टाकलं असतं आणि जन्मभर लक्षात ठेवलं असतं, की शोधायचं असतं ते समोरच्याला दुखत नाही तोवरच.

"राहू दे," तो म्हणाला. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "तसंच राहू दे. आजी घरी असतात का तुझ्या, संध्याकाळी?"

तृप्तीची आजी, पुष्पाबाई, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. आईहून चार-सहा वर्षांनी लहान. पण आई कुठं आता म्हातारी होणार होती... त्यांनी डोळ्यांवर हात धरून त्याला नीट पाहिलं. "गोजराचा पोरगा न्हवं तू? ये. बस इथं. पोरगी म्हनत होती, सर रागावले."

"नाही मावशी. रागावलो नाही. विचारायला आलो."

तृप्तीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि उंबऱ्यात बसली.

"काय इचारायचं? आम्ही दोघी एका लाइनीत दगड फोडत होतो. आमचं घर बागायतदाराचं, पन त्या साली कोन बागायतदार अन् कोन काय! समदेच खडीवर. मी नवी नवरी, मला हातोडा धरता येईना. तुझ्या मायनं शिकिवलं. असा न्हाई, असा धर, म्हन्ली." त्यांनी शेंग चिमटीत धरून दाखवलं, आणि मग आवाज जरा खाली आला. "पानी तेवढं येगळं होतं. तिचा माठ पल्याड. ते म्या कधी इचारलं न्हाई, तिनंबी न्हाई."

धम्मपालनं तांब्याकडं पाहिलं आणि पाणी प्यायला. आईनं मुकादमाची शिट्टी सांगितली होती, मिलोची चव सांगितली होती. माठ सांगितला नव्हता.

"अन् तलाव?"

"ह्यो न्हाई. ह्यो आमच्या आधीचाच. आमचं तळं म्हसोबाच्या खोऱ्यात होतं. तिथं आता सोयाबीन हाय बघ, पुंजारामाचं. पाळ बांधून झाली, मुकादमानं नारळ फोडला, अन् पुढच्या सालाला पानी असं आलं की... एका रातीत फुटलं. सकाळी समद्या बाया बघायला गेल्तो. चिखलच चिखल. मी घरी आले, लेकरू रडत होतं. तुझी माय तिथंच बसून राह्यली."

"काही म्हणाली?"

पुष्पाबाईंनी शेंगा चाळवल्या. "म्हन्ली असंल. न्हाई आठवत आता. आठवल्यावानी करून सांगितलं तर ही पोरगी लिहून घेईल!" त्या हसल्या, तृप्तीही हसली. "ती ह्या तळ्याला आपलं कवा म्हनाया लागली, मला न्हाई ठावं. कोनी म्हनतं, ह्या पाळीवरबी तिनं नंतर दगड लावले. लावलेबी असतील. म्या न्हाई पाह्यलं."

तो उठला तेव्हा पुष्पाबाईंनी शेंगांची पुडी हातात कोंबली. नको म्हणता आलं नाही.

म्हसोबाच्या खोऱ्याकडं जाणारी वाट चिखलाची होती. मोटारसायकल बांधावर लावून तो पायीच निघाला. ऊन उतरलं होतं. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं, पानं अजून हिरवी, शेंगा मात्र भरत आलेल्या. पाळ म्हणावी असं काहीच नव्हतं. शेताच्या टोकाला जमीन थोडी फुगल्यासारखी वर आली होती, पोटात वारा भरावा तशी, आणि मध्ये एके ठिकाणी तुटून ओढा निघून गेला होता. तेच असावं. किंवा नसेलही; इथं अक्षरं कोरलेला दगड नव्हता, नुसता एका म्हातारीचा शब्द होता.

तो त्या उंचवट्यावर बसला. वाईट वाटेल असं त्याला वाटत होतं. तशी तयारी करूनच तो आला होता. लहानपणीची ती खिडकी, ते पांढरं पाणी आता त्याच्याकडून काढून घेतलं जाईल आणि मागं एक मोठं भोक उरेल... पण पाणी गेलं नव्हतं. डोळे मिटले की ते तिथंच होतं, बगळ्यांसकट. त्यात काहीच बदललं नव्हतं. फक्त त्याचं डोकं खिडकीकडं वळवणारे हात — ते हात आता कुणाचे, हे त्याला नीट सांगता येईना.

ती चुकली असेल का? म्हातारपणी माणसं चुकतात. पण ती तेव्हा म्हातारी नव्हती, तिशीतली होती, तिला आपलं खोरं आणि एसटीच्या वळणावरचा तलाव यांतला फरक कळत नसेल असं कसं म्हणायचं. मग खोटं? तो शब्द तिला लागेचना. मांडीवर पोरगं घेऊन एसटीतनं जाणाऱ्या बाईला दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि दाखवायच्या जागी सोयाबीन होतं... की तेव्हा कपाशी? की काहीच नाही, नुसता गाळ? की तिनं खरंच पुढं त्याही पाळीवर दगड लावले होते, चार का होईना, आणि चार दगड लावले की तळं आपलं म्हणायला तिची हरकत नव्हती? दोन्ही बाजूंनी त्याला बोलता येत होतं. कुठल्याच बाजूनं आधार नव्हता.

आणि हेही त्याला तिथं बसल्यावरच जाणवलं, की इतक्या वर्षांत त्यानं आईला एकही प्रश्न विचारला नव्हता. ती सांगायची, तो ऐकायचा. पोरांना तो रोज म्हणे, विचारा, विचारा. आईपाशी मात्र त्याला उत्तर आधीच मिळालेलं होतं, इतकं मोठं आणि चकाकतं उत्तर, की विचारायला काही उरलंच नाही. म्हणून माठ राहिला. म्हणून तळं फुटल्याची ती सकाळ राहिली. तुझ्या शेजारी कोण बसायचं? चिखल बघून तू रडलीस की नाही? घरी कोण होतं, कुणी बोलवायला आलं का तुला? बाबा तेव्हा कुठं होते? प्रश्न येत राहिले, एकातून एक, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर मिळणार नाही हे माहीत असूनही ते येताना त्याला विचित्र, जवळजवळ चोरटा आनंद होत होता. जणू आई गेल्यानंतर इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदाच थोडी उलगडत होती, आणि उलगडता उलगडता लांब जात होती.

वारा आला. सोयाबीन एका अंगाला झुकलं आणि पुन्हा उभं राहिलं. त्या तुटलेल्या जागेपाशी, गाळाच्या कडेला, पाठमोरी बसलेली ती त्याला दिसली — बारकी, विशीची, पदर कमरेला खोचलेला. तिला अजून मूल झालेलं नव्हतं. ती कुणाचीच आई नव्हती. तिनं वळून बघावं असं त्याला फार वाटलं, आणि हाक मारायला त्यानं तोंडही उघडलं. पण तिला काय म्हणून हाक मारायची, ते त्याला सुचेना.