विलार्डची स्केल

माझा मेहुणा विलार्ड युद्धावर गेला आणि त्याचा बास, ते माणसाएवढं तारांचं वाद्य, घराच्या कोपऱ्यात नुसता उभा राहिला. पिट्सबर्गच्या आमच्या वस्तीत वाजवणारे पुरुष उरलेच नव्हते, म्हणून बँडवाल्या मॅब्रीने विलार्डच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ऑर्डेलाला विचारलं, "तू वाजवशील का?"

तिला शिकवलं चर्चमधल्या म्हाताऱ्या हॅस्केलकाकांनी. बासच्या मानेवर, बोटं ठेवायच्या जागी, विलार्डने खडूच्या खुणा केल्या होत्या. काकांनी आधी त्या पुसायला लावल्या.

"खुणा बघून वाजवणारा खुणांपुरताच वाजवतो. स्केल म्हणजे सुरांची शिडी, ती रचायची असते, पोरी. कुठल्याही सुरावर उभी राहा. पूर्ण पाऊल, पूर्ण पाऊल, अर्धं. मग तीन पूर्ण, एक अर्धं. झालं."

झालं म्हणायला सोपं. जाड तारांनी तिच्या बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. ती इस्त्री करतानाही पावलं पुटपुटायची. पुढे मात्र बँडच्या गायिकेने कुठलीही पट्टी मागितली तरी ती अडेनाशी झाली.

युद्ध संपलं, विलार्ड परतला.

"जवानाची जागा त्याला द्यायला नको?" मॅब्री म्हणाला.

"इतके दिवस मी चालवली ती."

"छान चालवलीस. आता त्याला घरी जरा तयार कर. हाताचा सराव गेलाय त्याचा."

तिने केला तयार. "बायको आहेस की हवालदार?" म्हणून तो चिडायचा, पण शिकला. चांगलाच शिकला.

एका रविवारी प्रार्थनेनंतर सगळे आईकडे जेवायला होते. पाहुण्यांपैकी कुणीतरी विलार्डला विचारलं, "असा हात कुठे कमावलास?"

"फ्रान्समध्ये. एक म्हातारा भेटला होता. खुणा पुसायला लावायचा, बेटा."

"आणि ऑर्डेला?"

"हिने तोवर जागा राखली."

ऑर्डेला चवळी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. मी हॅस्केलकाकांकडे पाहिलं. विलार्ड त्यांना दर रविवारी गाडीने घरी सोडायचा. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मक्याची पोळी उरलीय का गं?"

भांडी घासताना मी तिला म्हटलं, "ताई, बोलली का नाहीस?"

"कुणापुढे?"

पुढच्या महिन्यात ती लाँड्रीत कामाला लागली. बासवरची धूळसुद्धा मग विलार्डच पुसायचा.